जवळची वाट

गावाला जाणारा गाडीरस्ता वळणे घेत जातो. पण गावचा माणूस त्या रस्त्याने सहसा जात नाही. तो बांधावरून, ओढा ओलांडून, शेताच्या कडेने आपली पाऊलवाट धरतो. ही वाट सरकारी नकाशात नसते. रोजच्या जाण्यायेण्याने ती पडलेली असते आणि तिला नाव असलेच तर तेही जाणाऱ्यांनीच दिलेले असते. आजच्या कचेरीत संगणकापुढे बसणारा माणूस हेच करीत असतो. हिशेबाचा प्रोग्राम उघडावयाचा तर आधी एक यादी उघडावी, तीतून दुसरी काढावी, तीत हवे ते नाव शोधावे, असा राजमार्ग यंत्र घडविणाऱ्याने आखून दिलेला असतो. दहावीस वेळा त्या मार्गाने गेल्यावर माणूस कंटाळतो आणि पडद्यावर एक लहानसे चित्र आणून ठेवतो, अथवा दोनतीन कळा एकदम दाबताच तो प्रोग्राम उघडावा अशी तजवीज करतो. यालाच आपण सारे शॉर्टकट म्हणतो.

एवढ्याशा सोयीला इतिहास तो काय असणार, असे श्रोत्यांना वाटेल. पण इतिहास आहे, आणि तो संगणकाहून पुष्कळ जुना आहे. मोठी वस्तू दूर असते, तिला हाक मारण्यासाठी एक लहान खूण लागते. ती खूण कोणी करावी, कोणाच्या भाषेत करावी, आणि करणारा निघून गेल्यावर ती कोणाला कळावी, हे प्रश्न माणसाने फार पूर्वीपासून सोडविले आहेत आणि कधी कधी सोडवावयाचे विसरूनही गेला आहे. या इतिहासासाठी मी आज आपणांस म्हैसूरला नेणार आहे. ताडपत्रावरचा ग्रंथ आणि संगणकावरचा प्रोग्राम, या दोहोंकडे जाणाऱ्या वाटा त्या एकाच शहरात पाहावयास मिळतात.

राणी व्हिक्टोरियाच्या कारकीर्दीस पन्नास वर्षे झाली त्या प्रसंगाची आठवण म्हणून म्हैसुरात एक भव्य वास्तू उभी राहिली आणि १८९१ मध्ये स्थापन झालेले प्राच्य ग्रंथालय तेथे नांदू लागले. या ग्रंथालयाचे ग्रंथपाल रुद्रपट्टण शामशास्त्री यांच्या हाती १९०५ च्या सुमारास एक ताडपत्रांची पोथी आली. तंजावर जिल्ह्यातील एका पंडिताने ती ग्रंथालयास दिली होती. लिपी ग्रंथ नावाची, भाषा संस्कृत. शामशास्त्र्यांनी ती वाचली आणि हा कौटिल्याचा अर्थशास्त्र नावाचा ग्रंथ आहे हे त्यांनी ओळखले. दंडीसारख्या जुन्या लेखकांनी या ग्रंथाचा उल्लेख केलेला होता, परंतु आधुनिक विद्वानांच्या दृष्टीने तो नाहीसाच झाला होता. १९०९ मध्ये त्यांनी संहिता छापली आणि १९१५ मध्ये इंग्रजी भाषांतर ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. प्राचीन भारताच्या राज्यव्यवहाराविषयीच्या साऱ्या चर्चेला त्यामुळे नवे वळण मिळाले.

ही हकीकत सर्वज्ञात आहे. तिच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. ग्रंथ सापडला, छापला, भाषांतरही झाले. तरी अभ्यासकाची अडचण संपली नव्हती. समजा, ‘अध्यक्ष’ हा शब्द कौटिल्याने कोठे कोठे आणि कोणत्या अर्थाने वापरला हे पाहावयाचे आहे. ग्रंथाची पंधरा अधिकरणे, दीडशे अध्याय आणि एकशे ऐंशी प्रकरणे. प्रत्येक शंकेसाठी सारा ग्रंथ चाळावयाचा म्हणजे बाजारातून मीठ आणण्यासाठी दरवेळी समुद्र गाठण्यासारखे. शामशास्त्र्यांनी १९२४-२५ मध्ये तीन भागांत अर्थशास्त्राची शब्दसूची प्रसिद्ध केली. शब्द घ्यावा, सूचीत पाहावा आणि थेट त्या स्थळी जावे. शोधाची कीर्ती मोठी, सूचीचे काम कंटाळवाणे. पण पुढच्या अभ्यासकाला रोज उपयोगी पडली ती सूचीच. मुंबई विद्यापीठासाठी र. पं. कंगले यांनी १९६० ते १९६५ या काळात अर्थशास्त्राची चिकित्सक आवृत्ती, भाषांतर आणि अभ्यास असे तीन भाग सिद्ध केले; त्यांनीही पहिल्या भागात संहितेला शब्दकोश जोडला, हे लक्षात घेण्यासारखे आहे. खुद्द कौटिल्यानेही वाचकाला वाऱ्यावर सोडलेले नाही. त्याचा पहिलाच अध्याय म्हणजे पुढील साऱ्या प्रकरणांची यादी आहे. ग्रंथ लिहिणाऱ्याने आधी वाटा दाखविल्या आणि मग प्रवासास प्रारंभ केला.

संस्कृत विद्येत जवळच्या वाटेचे सर्वांत कसलेले उदाहरण पाणिनीचे. व्याकरणात ‘सर्व स्वर’ असे वारंवार म्हणावे लागते. पाणिनीने वर्णांचा क्रम चौदा लहान सूत्रांत लावला आणि प्रत्येक सूत्राच्या शेवटी एक खुणेचे अक्षर ठेवले. आरंभीचा वर्ण आणि पुढची एखादी खूण एकत्र उच्चारली की मधला सारा समूह हजर होतो. ‘अच्’ म्हटले की सर्व स्वर आले, ‘हल्’ म्हटले की सर्व व्यंजने आली. अशा खुणांच्या बळावर सुमारे चार हजार सूत्रांत एका भाषेचे व्याकरण मावले. अर्धी मात्रा वाचली तरी वैयाकरणाला पुत्रजन्माचा आनंद होतो, अशी एक जुनी म्हण या लोकांविषयी आहे. पण माझ्या मते काटकसरीपेक्षा अधिक महत्त्वाची गोष्ट निराळी आहे. या खुणा कशा उलगडावयाच्या याचा नियमही पाणिनीने आपल्याच ग्रंथात एक सूत्र म्हणून सांगून ठेवला. कुलपाबरोबर किल्लीही दिली. म्हणून ‘अच्’ आजही उघडते.

किल्ली दिली नाही तर काय होते, हे आपल्या मराठीत पाहावे. पत्रलेखनात आपण किती खुणा रूढ केल्या होत्या! ‘सा. न. वि. वि.’ या चार अक्षरांत ‘साष्टांग नमस्कार विनंती विशेष’ एवढा अदबीचा सोहळा मावत असे; ‘रा. रा.’ म्हणजे राजमान्य राजश्री. जुन्या मोडी कागदांत तारखेच्या आधी येणारा ‘छ’ म्हणजे चंद्र, अर्थात चांद्रमासातील दिवस. कारकून भराभर लिहीत असे आणि वाचणारा भराभर वाचीत असे. या खुणांचा उलगडा लिहून ठेवावा असे कोणास वाटले नाही, कारण तो सर्वांच्या तोंडी होता. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून मोडी शिकविली जात असे. नंतर ती मागे पडली. आज पुण्याच्या पेशवे दफ्तरात रुमालांचे ढीग आहेत आणि ते वाचू शकणारी माणसे थोडी आहेत. अक्षर ओळखले तरी खूण अडविते. कागद जागेवरच आहे. त्याच्याकडे जाणारी पाऊलवाट मात्र गवताखाली गेली आहे.

आता संगणकाकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० मध्ये टिफ्रॅक हा संगणक तयार झाला आणि १९६३ मध्ये कानपूरच्या आयआयटीत आयबीएमचा १६२० हा संगणक आला. त्या काळी प्रोग्राम ‘उघडणे’ हा शब्दप्रयोगच कोणी केला नसता. छिद्रे पाडलेले पत्ते अथवा कागदी पट्ट्या यंत्राला भरवाव्या लागत. १९६४ मध्ये आयबीएमने सिस्टिम-३६० या यंत्रमालिकेची घोषणा केली. या मालिकेतील मोठ्या यंत्रांवर एखादे काम सुरू करावयाचे तर सूचनांचे पत्त्यांमागून पत्ते लावावे लागत. तेव्हा नेहमी लागणाऱ्या सूचनांचा संच यंत्रात एका नावाने नोंदवून ठेवण्याची सोय करण्यात आली. पुढे केवळ ते नाव सांगितले की सारा संच अमलात येई. तत्त्व पाणिनीचेच: आधी समूह बांधा, मग त्याला लहान नाव द्या.

याच सुमारास अमेरिकेतील एमआयटी संस्थेत लुई पूझँ नावाचे फ्रेंच अभियंते काम करीत होते. एकाच यंत्रावर अनेकांनी टंकयंत्रातून आज्ञा देण्याची पद्धत तेथे सुरू झाली होती. रोज त्याच त्या आज्ञा टंकित करण्यापेक्षा त्या एका फाइलीत लिहून ठेवाव्यात आणि त्या फाइलीचे नाव घेताच क्रमाने पार पडाव्यात, अशी युक्ती पूझँ यांनी १९६३-६४ च्या सुमारास अमलात आणली. तिचे नाव रनकॉम. या नावातील ‘आर’ आणि ‘सी’ ही दोन अक्षरे पुढच्या अनेक प्रणालींतील फाइलींच्या नावांना चिकटून राहिली. आजचा अभियंता आपले खासगी शॉर्टकट ज्या फाइलीत लिहितो तिच्या नावाच्या शेवटी बहुधा हीच दोन अक्षरे असतात. ती कोठून आली हे त्याला ठाऊक असतेच असे नाही. खुणेने आपला उलगडा गमावला, त्याचे हे एक चिमुकले उदाहरण.

१९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत केन टॉमसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्सचा पाया घातला. त्यांच्या दूरटंकयंत्रावर सेकंदाला सुमारे दहाच अक्षरे उमटत. म्हणून आज्ञांची नावे ‘एलएस’, ‘सीपी’ अशी दोनदोन अक्षरांची ठेवली गेली. ही नावे लहान होती, पण ती घडविणाऱ्यांनी दिलेली होती. वापरणाऱ्याच्या हाती नामकरणाचा अधिकार आला तो पुढे. बर्कली येथे विद्यार्थी असलेल्या बिल जॉय यांनी १९७० च्या दशकाच्या अखेरीस जे ‘सी शेल’ लिहिले, त्यात ‘एलिअस’ नावाची सोय होती. एलिअस म्हणजे आपल्या कोर्टकचेरीतले ‘ऊर्फ’. लांबलचक आज्ञेला आपल्या पसंतीचे दुसरे नाव द्यावे आणि पुढे त्याच नावाने तिला हाक मारावी. घरातल्या मुलाचे पाळण्यातले नाव काहीही असो, आजी त्याला हाक मारते ती वेगळ्याच नावाने, आणि तो धावत येतो. संगणकाला माणसाचा संसार कळू लागला तो या ‘ऊर्फ’पासून, असे म्हणावयास हरकत नाही.

पुढे अक्षरांची जागा चित्रांनी घेतली. झेरॉक्स कंपनीचा स्टार हा संगणक १९८१ मध्ये चित्रांकित पडदा घेऊन बाजारात आला आणि १९८४ च्या मॅकिंटॉशने तो पडदा लोकांच्या परिचयाचा केला. ॲपलच्या १९९१ च्या सिस्टिम-७ मध्ये चित्रालाही ‘ऊर्फ’ मिळाला. त्याचे नाव तिरप्या अक्षरांत दिसे, म्हणजे ही मूळ वस्तू नव्हे हे कळावे. २४ ऑगस्ट १९९५ रोजी मायक्रोसॉफ्टचे विंडोज-९५ आले आणि ‘शॉर्टकट’ हा शब्द घरोघरी गेला. तेथे चित्राच्या कोपऱ्यात एक लहानसा वळलेला बाण असतो. तो बाण म्हणजे प्रामाणिकपणाची खूण होय. तो सांगतो: मी प्रोग्राम नव्हे, मी फक्त त्याचा पत्ता. म्हणून शॉर्टकट पुसला तर प्रोग्राम नाहीसा होत नाही. उलट, प्रोग्राम हलविला अथवा काढून टाकला तर शॉर्टकट तसाच राहतो, आणि त्यावर टिचकी मारली की यंत्र बिचारे हरवलेल्या मुक्कामाचा शोध घेऊ लागते. घर बदललेल्या मित्राच्या जुन्या पत्त्यावर आपण उभे असावे, तशातला हा प्रकार.

पत्ता आणि मुक्काम या दोन वस्तू भिन्न आहेत, हे विसरण्यात धोकाही आहे. नाव एक आणि नेणार भलतीकडेच, असा शॉर्टकट कोणीही करू शकतो. २०१० मध्ये स्टक्सनेट नावाचा जो घातक प्रोग्राम उघडकीस आला, त्याने शॉर्टकटच्या फाइलींतील एका उणिवेचाच फायदा घेतला होता. खिशात घालून नेता येईल अशा साठवणपट्टीतील फाइलींची यादी पडद्यावर नुसती दिसली तरी तो यंत्रात शिरू शके. वाट आपण स्वतः पाडलेली असावी, निदान कोणी पाडली हे ठाऊक असावे, हा खेड्यातला शहाणपणा येथेही लागू पडतो.

आता पुन्हा म्हैसूर. तेथील राष्ट्रीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून एन. आर. नारायण मूर्ती १९६७ मध्ये पदवीधर झाले आणि पुढील शिक्षणासाठी कानपूरच्या आयआयटीत गेले. १९८१ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह इन्फोसिसची स्थापना केली ती आपल्या पुण्यात. १९८३ मध्ये कंपनी बंगळूरला गेली. तिचे विस्तीर्ण प्रशिक्षण केंद्र पुढे म्हैसुरात उभे राहिले. महाराष्ट्रासह देशाच्या सर्व भागांतून आलेल्या हजारो तरुणांनी प्रोग्राम लिहिण्याचे धडे तेथे घेतले. शामशास्त्र्यांनी ज्या शहरात एका ग्रंथाच्या शब्दांना पत्ते दिले, त्याच शहरात ही मुले आपल्या यंत्रावर आपले पहिले ‘ऊर्फ’ लिहितात.

पण ती कोणत्या भाषेत लिहितात? येथे आपल्या कामाचा प्रश्न उभा राहतो. संगणकाच्या बहुतेक तयार खुणा इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवर बेतलेल्या आहेत. ‘सी’ म्हणजे कॉपी, ‘पी’ म्हणजे प्रिंट. ज्याच्या मनात ते इंग्रजी शब्द आहेत त्याला खूण आपोआप आठवते. ज्याच्या मनात ‘प्रत’ आणि ‘छपाई’ आहे त्याला ती पाढ्यासारखी पाठ करावी लागते. खुणेचे निम्मे बळ तेथेच सरते. यंत्रात देवनागरी आणण्याचे मोठे काम आपल्या देशात झाले आहे. १९८६ मध्ये भारतीय लिप्यांसाठी इन्स्क्रिप्ट ही कळपाटाची मांडणी ठरली, १९९१ मध्ये भारतीय मानक संस्थेने या लिप्यांच्या अक्षरांसाठी संकेतप्रणाली मुक्रर केली, आणि पुण्याच्या सी-डॅकने या कामात मोलाचा वाटा उचलला. म्हैसुरात १९६९ पासून भारतीय भाषा संस्थान आहे. पुण्याच्या त्याच्या पश्चिम प्रादेशिक केंद्रात परप्रांतीय शिक्षक मराठी शिकतात. इतके सारे सिद्ध असताना आपल्या पडद्यावरील शॉर्टकटांची नावे मात्र आपण जशीच्या तशी परकी ठेवतो. वस्तुतः आजच्या यंत्रावर एखाद्या शॉर्टकटचे नाव बदलून ‘हिशेब’ अथवा ‘पत्रे’ ठेवणे हे अर्ध्या मिनिटाचे काम आहे. नाव देवनागरीत टंकित केले की यंत्र ते शोधून देते. यासाठी सरकारी ठराव लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही. यंत्राच्या साऱ्या राज्यात सामान्य माणसाला नामकरणाचा जो थोडासा हक्क मिळाला आहे, तो हाच.

हक्काबरोबर एक कर्तव्यही येते. एखाद्या कचेरीतला जुना, हुशार माणूस निवृत्त होतो. त्याने वर्षानुवर्षे आपल्या सोयीचे शॉर्टकट करून ठेवलेले असतात. कोणते नाव काय उघडते हे त्यालाच ठाऊक. नवा माणूस त्या जागी बसतो आणि पडद्यावर ‘क१’, ‘नवे२’ अशी नावे पाहून थबकतो. ज्या खुणांनी एकाची रोजची पाच मिनिटे वाचली, त्यांनीच दुसऱ्याचे पाच दिवस खाल्ले. हा दोष खुणेचा नव्हे, तिचा उलगडा न लिहिण्याचा आहे. मोडीच्या बाबतीत आपण सगळ्यांनी मिळून जे केले, तेच येथे एकेकटे करीत आहोत.

म्हणून मला शामशास्त्र्यांची ती सूची या इतिहासातली सर्वांत मोलाची वस्तू वाटते. ज्याने ग्रंथ वाचून काढला होता, ओळीओळीचे भाषांतर केले होते, त्याला स्वतःला त्या सूचीची गरज सर्वांत कमी होती. अर्थशास्त्रातील वाटा त्याच्या पायाखालच्या होत्या. तरीही साठीच्या उंबरठ्यावर आलेल्या त्या पंडिताने शब्दामागून शब्द वेचून तीन भाग भरले, ते मागून येणाऱ्या, न पाहिलेल्या वाचकासाठी. आपण पाडलेल्या पाऊलवाटेच्या तोंडाशी त्याने एक दगड रोवला आणि त्यावर ती कोठे जाते हे लिहून ठेवले.

आपल्यापैकी प्रत्येकाला असा ग्रंथ सापडणार नाही. परंतु उद्या सकाळी संगणकापुढे बसल्यावर एखादी जवळची वाट पाडताना तिला आपल्या भाषेतले नाव द्यावे, आणि एका साध्या कागदावर त्या नावापुढे त्याचा अर्थ लिहून तो कागद खणात ठेवावा, एवढे कोणालाही जमण्यासारखे आहे. आपल्यामागून त्या खुर्चीवर बसणारा माणूस तो कागद वाचील आणि कोणालाही न विचारता कामाला लागेल.